दुभाषिणीचं ताट

आत्याच्या घरात दुपार कलली की भिंतीवर रंग उतरत. खिडकीच्या फळीवर तिने काचेच्या वड्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. एक निळी, एक मधाच्या रंगाची, एक धुरकट हिरवी, आणि एक इतकी फिकट गुलाबी की रंग खरंच आहे की आपल्यालाच वाटतो आहे ते कळू नये. काचेच्या कारखान्यात नव्या रंगाची काच ओतली की तिची अशी एक वडी नमुना म्हणून काढून ठेवत. कारखाना बंद पडला तेव्हा त्या वड्या कुणालाच नको होत्या, म्हणून त्या तिच्या झाल्या. समोरच्या इमारतीच्या तावदानांवर ऊन आपटून मागे फिरे, वड्यांमधून आत शिरे आणि पलंग, कपाट, कॅलेंडर, जे मधे येईल त्याच्यावरून हळूहळू सरकत जाई. घरातली पोरंटोरं लहान असताना ते रंग तळहातावर झेलायला येत. आता पोरंटोरं मोठी झाली होती. रंग मात्र वेळेवर येत.

त्या रविवारी रंग यायला अजून अवकाश होता तेव्हा तिचा भाचा आणि त्याची मुलगी दारात उभी राहिली. मुलीच्या हातात जेवणाचा डबा होता आणि भाच्याच्या हातात धंद्याची चामडी बॅग.

भाच्याला घरात सगळे तराजू म्हणत. लहानपणी खाऊची वाटणी झाली की दोन्ही तळहात वरखाली करून वजन बघायचा, म्हणून त्याच्या आईने ठेवलेलं नाव. पुढे त्याने धंदाही तसाच धरला. कुणी घर, दुकान नाहीतर एखादं यंत्र बँकेकडे गहाण ठेवायला निघालं की त्याची किंमत किती धरावी हे हा जाऊन ठरवायचा. त्यामुळे कुणाकडेही गेला की आधी छताकडे बघायचा आणि मग माणसांकडे.

आजही त्याने आत येताच भिंतीला हात लावला. "आत्या, इथे ओल आहे."

"आहे ना. तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. आता तीही घरचीच झाली."

मुलगी हसली. तिच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून ती ठिपकी. शाळा संपवून आता कॉलेजच्या उंबरठ्यावर होती. तिने डबा ओट्यावर ठेवला, खिडकीपाशी जाऊन एक वडी उचलली, डोळ्याला लावली आणि त्यातून रस्त्याकडे बघत राहिली.

"हिची आई नाही आली?"

"ती म्हणाली, तुम्ही दोघं आत्याकडून निकाल घेऊन या आणि मला झोपू द्या. दवाखान्यात पाळीवर होती रात्रभर. आणि खरं सांगू का, कंटाळली आहे आमच्या दोघांना. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही."

विषय आत्याला ठाऊक होता. ठिपकीला दोन ठिकाणी जागा मिळाली होती. एक विमा-गणिताला, जिथून बाहेर पडणाऱ्याला विमा कंपन्या दारातूनच उचलून नेत. दुसरी पूर्व आशियाई भाषांच्या पदवीला, जिथून बाहेर पडणाऱ्याचं पुढे काय होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. उद्या संध्याकाळपर्यंत एका ठिकाणी पैसे भरायचे होते. ठिपकीला भाषा हव्या होत्या. तराजूला ती उपाशी मरू नये असं वाटत होतं.

"आत्या, मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"मग बस."

"मी सरळ माणूस आहे. हिला हवी ती पदवी आणि तुझी पदवी एकच. तुझं आयुष्य त्यावर निघालं. तेव्हा मी तुझ्या पदवीची किंमत काढणार. रीतसर. एखाद्या गिरणीची काढतो तशी."

"चालू गिरणी की बंद?"

"ते बघू." त्याने बॅगेतून कागद काढला. "किंमत नीट बसली तर उद्या मी स्वतः जाऊन हिच्या भाषांचे पैसे भरतो. नाही बसली तर विमा-गणित. हिने कबूल केलंय."

ठिपकीने मान हलवली, पण कुणीतरी दोरी ओढावी तशी ती हलली.

"आणि मी आकडे फुगवून सांगितले तर?" आत्याने विचारलं.

"तू नाही सांगणार," तराजू म्हणाला.

तिथेच तर सगळं अडत होतं. आत्याने उभा जन्म दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेण्यात घालवला होता. जपानी पाहुणा बोलला ते आपल्या मालकाला सांगायचं, मालक बोलला ते पाहुण्याला. पदरचं काही घालायचं नाही, कुणाचं काही गाळायचं नाही. ही सवय तिच्या हाडांत इतकी मुरली होती की शेजारणीने विचारलं, माझी नवी साडी कशी आहे, तरी ती खरं सांगून बसायची.

ठिपकीने ताटं मांडली. डब्यात भात होता, भाजी होती, उकडलेली अंडी होती. तिघं टेबलाशी बसली. तराजूने ताटाशेजारी कागद ठेवला, एक घास घेतला आणि विचारलं, "पहिली रीत. वस्तू उभी करायला खर्च किती आला?"

आत्याने उचललेला घास खाली ठेवला. तोंडात घास घेऊन उत्तर देणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"फी फार नव्हती रे. वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, जिने चढून पायांचा भुगा व्हायचा. आम्ही होतोच किती, एका बाकावर सगळे मावलो असतो. बाई फार बोलायच्या नाहीत. एकदा त्यांनी आम्हाला अख्खा तास खिडकीबाहेरचं झाड बघायला लावलं. तास संपला तेव्हा म्हणाल्या, आता झाड हे अक्षर काढा. आम्ही सगळ्यांनी ते आधी शंभरदा काढलेलं होतं. पण त्या दिवशी प्रत्येकाचं निराळं आलं."

बोलता बोलता ती त्या जिन्यावर जाऊन पोचली होती. अक्षरं वरून खाली, उजवीकडून डावीकडे उतरत, पाऊस काचेवरून उतरावा तशी. घरी जाताना बसमध्ये ती गुडघ्यावर बोटाने ती गिरवायची. बायका तिच्याकडे बघायच्या आणि पोर बिचारी बरी दिसत नाही असं म्हणून सरकून बसायच्या. वडील म्हणायचे, तिकडे आपलं आहे कोण. तिलाही ते ठाऊक नव्हतं. तिला फक्त ती अक्षरं झोपेत दिसायची, पाण्याखालून वर येणाऱ्या माशांसारखी, आणि सकाळी उठल्यावर दोनचार हातात राहायची.

"आत्या," तराजू म्हणाला. "खर्च."

"डोळे गेले."

"डोळ्यांचे किती धरू?"

"चष्म्याचे धर."

ठिपकीला हसू आवरेना. तराजूने खरंच चष्म्याचे धरले.

"दुसरी रीत. बाजारभाव. आज असल्या मालाला गिऱ्हाईक कोण?" त्याने खिशातून फोन काढला, इकडेतिकडे बघितलं आणि कपाटावरचा एक जुना पत्र्याचा डबा खाली घेतला. कारखान्यातल्या कुठल्याशा यंत्राबरोबर आलेला, आता सुयादोरे ठेवायचा. झाकणावर जपानी अक्षरांची एक ओळ होती. त्याने फोन तिच्यावर धरला. फोनने क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं, ओल्या हाताने उघडू नये.

"बरोबर?"

"अगदी बरोबर," आत्या म्हणाली. "माझ्यापेक्षा पटकन केलं. मी आधी चष्मा शोधला असता."

ठिपकीचा चेहरा पडला. "आत्याआजी, तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"मी कुणाच्याच बाजूने नसते गं. मी मधे असते. तेच तर काम होतं." मग तिला पोरीची दया आली, पण म्हणून ती खोटं बोलली नाही. "मी केलं तसलं काम तुला मिळायचं नाही. यंत्रांची पुस्तकं, नळ कसा बसवावा, झाकण कसं उघडावं, हे आता कुणी माणसाकडून करून घेणार नाही. ते संपलं."

"मग मी काय करीन?"

"ते मला काय ठाऊक? मी शिकले तेव्हा गावात तो काचेचा कारखानासुद्धा नव्हता."

तराजूने कागदावर काहीतरी लिहिलं. ठिपकी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत होती. त्याने तळहात आडवा धरला.

"तिसरी रीत. आणि हीच खरी. मिळकत. पहिल्यापासून सांग."

पहिल्यापासून सांगायचं तर पहिली काही वर्षं सांगण्यासारखं काही नव्हतंच. पदवी घेऊन ती घरी बसली होती. कधी चहाच्या पुड्यांवरचा मजकूर, कधी खेळण्यांच्या खोक्यावरचा. एका दुकानदाराने तर तिच्याकडून पाटी लिहून घेतली, पैशांऐवजी छत्री दिली आणि वर तोंडभरून आभार मानले. मग काचेचा कारखाना निघाला. भट्टी जपानी, यंत्रं जपानी, बसवून द्यायला माणसं तिकडून येणार, आणि सगळ्या गावात त्यांचं बोलणं समजणारी ही एक.

"मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, बाई, तुमची खुर्ची इथे. मी म्हटलं, अशी नाही ठेवायची. दुभाषिणीची खुर्ची टेबलाशी नसते. दोघांच्या मधे, अर्धं पाऊल मागे. म्हणजे त्यांनी एकमेकांकडे बघायचं. माझ्याकडे कुणी बघायचं नाही."

"आणि तू 'मी' म्हणायचीस ना?" ठिपकीने विचारलं. हे तिने लहानपणी कितीदा ऐकलं होतं, तरी तिला पुन्हा हवं होतं.

"मग? पाहुणा म्हणाला, मी दमलो आहे, तर मीही म्हणायचं, मी दमलो आहे. दमलो, बरं का, दमले नाही. ते म्हणताहेत की ते दमले आहेत, असं केलं की बोलणं कडेकडेने जातं. 'मी' म्हटलं की थेट पोचतं. दिवसभर मी कधी मालक असायचे, कधी पाहुणा. घरी येऊन दार वाजवलं आणि हे आतून विचारायचे, कोण आहे, तर मला खरंच विचार करावा लागायचा."

'हे' म्हणजे आत्याचे यजमान. टपालखात्यात होते, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा विषय निघाला की तराजूही जरा हळू बोलायचा. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन ते टपालाचे शिक्के दाखवायला नेत.

"काका तुझी वाट बघत बसायचे," तो म्हणाला. "मला आठवतं. ताट झाकून."

"हो ना."

कारखान्यात मोठी बोलणी झाली की मेजवानी असायची. पांढरंशुभ्र टेबल, वाफाळणारी भांडी, पाहुणे, मालक, मालकांचे भाऊ. आणि अर्धं पाऊल मागे आत्या. तिच्यासमोरही ताट यायचं. पण एकाने घास घेतला की दुसरा बोलायचा, आणि दुसऱ्याने घेतला की पहिला, आणि ती दोघांसाठी बोलत राहायची. ताट जसं यायचं तसं परत जायचं. गावात बायका म्हणायच्या, हिची चंगळ आहे, रोज मेजवान्या झोडते. आणि ती पोटात कावळे घेऊन घरी यायची. हे काही विचारत नसत. चेहरा बघितला की मोठी मेजवानी झाली हे त्यांना कळायचं. टेबलावर एक ताट आणि त्यावर पालथं घातलेलं दुसरं ताट. ते उचललं की खालून भाताची वाफ. ती जेवायची आणि ते समोर बसून विचारायचे, आज कोण कोण होतीस?

आत्या बोलत नव्हती हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बापलेकींचं जेवून झालं होतं. तिचं ताट तसंच होतं, भाताचा वरचा थर कोरडा पडू लागला होता.

"मिळकत, आत्या," तराजू म्हणाला, पण या वेळी हळूच.

तिने सांगितली. पगार, वाढत कसा गेला, कुठे अडला, दोन वर्षं अर्ध्यावर कसा आला. मग कारखाना बंद पडला. लिलावाला माणसं आली, त्यांनी प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. ती आपल्या खुर्चीवर बसली होती, तर एकाने वाकून खुर्चीच्या पायाला चिठ्ठी बांधली आणि म्हणाला, बाई, तुम्ही सावकाश उठा, घाई नाही. यांचं दुखणं त्यानंतरचं.

"त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं ना, ही सगळी अक्षरं परत दे आणि औषधं घेऊन जा, तर मी एक दिवस थांबले नसते. हेही लिही."

तराजूने ते लिहिलं नाही. तो बेरीज करत होता. बेरीज करताना त्याचे ओठ हलत, लहानपणी हलत तसेच. ठिपकी खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी होती. बाहेर कुणाचा तरी दरवाजा लागला, जिन्यावर पावलं उतरली, विरली.

"झालं," तो म्हणाला. कागद त्याने आत्याकडे फिरवला. "मी कुठे हात आखडता घेतलेला नाही. पेन्शन धरली, लिलावातून तुला मिळालं ते धरलं. चष्माही वजा केला नाही शेवटी. तरी एखाद्या कचेरीत साधी कारकून म्हणून चिकटली असतीस तर याहून थोडं जास्तच झालं असतं."

आत्याने चष्मा लावून आकडा बघितला. एवढ्याशा कागदावर आपण आलो कशा, असं तिला वाटलं. पण बेरीज बरोबर होती. "बरोबर आहे," ती म्हणाली.

ठिपकी वळली नाही. खिडकीच्या फळीवर ठेवलेली तिची बोटं तेवढी एकमेकांत गेली.

म्हणजे निकाल लागला होता. आता तराजूने कागदाची घडी करायची, बॅग उचलायची आणि उठायचं. आत्या वाट बघत राहिली. पण तो उठला नाही. त्याने रिकामा पेला हातात घेतला, टेबलावरच थोडा डावीकडे फिरवला, मग उजवीकडे.

"तिकडे थंडी किती असते?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"तिकडेच. या पोरांना तिसऱ्या वर्षी पाठवतात म्हणे सहा महिने."

"असते बऱ्यापैकी."

"म्हणजे कोट लागणार. चांगला कोट केवढ्याला पडतो आता?" पेला पुन्हा डावीकडे गेला. "आणि विमानाचं तिकीट? जायचं महाग असतं की यायचं? आजारीबिजारी पडलं कुणी तिकडे, तर फोनचं काय? म्हणजे लागतो का तो लगेच?"

नेमका त्याच वेळी रंग आला. आधी मधाचा, छताच्या कोपऱ्यात. मग निळा. कपाटावरून उतरून तो तराजूच्या बाहीवर येऊन थांबला, आणि आत्याला समोर दुसराच माणूस दिसू लागला. करड्या कोटातला एक म्हातारा इंजिनीअर, ज्याला कारखान्यात सगळे मौनीबुवा म्हणत.

भट्टीचा सौदा ठरायचा होता तेव्हा तिकडून दोघं आले होते. एकजण हसरा. दिसेल त्याची तारीफ करायचा, इमारत सुंदर, काच सुंदर, चहा सुंदर. मालक त्याच्यावर खूश होते. त्यांनी विचारलं, भट्टी वसंतापर्यंत उभी करून द्याल ना? हसऱ्याने दातांमधून हळूच श्वास आत ओढला, चहाकडे बघितलं आणि गप्प बसला. मालकांनी हात पुढे केला. त्यांना वाटलं ठरलं. आत्या मागून म्हणाली, "मला ते जमणार नाही."

मालक चपापून वळले. "अहो बाई, ते काहीच बोलले नाहीत."

"हो. तेच मी सांगते आहे."

मालक लालबुंद झाले. पण हसरा खाली बघत होता आणि होकारार्थी मान हलवत होता, सुटका झाल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो आणखी चार गोष्टींची तारीफ करून परत गेला आणि पुन्हा आला नाही. मौनीबुवा मात्र राहिला. तो दिवसच्या दिवस तोंड उघडायचा नाही. पेला डावीकडे फिरवायचा, उजवीकडे फिरवायचा, आणि अधूनमधून विचारायचा, हा खिळा तुम्हाला केवढ्याला पडतो? ही वीट? हा साधा वॉशर? मालक वैतागून म्हणाले, या कंजूष म्हाताऱ्याला घालवून द्या. आत्या म्हणाली, मालक, जेवण सांगा, हा घेणार आहे जबाबदारी. ज्याला नको असतं तो वॉशरचा भाव विचारत नाही. मौनीबुवाने भट्टी उभी केली, आणि ती बंद पडेपर्यंत एकदाही फुटली नाही.

आत्या उठली. तिने आपली खुर्ची उचलली. गुडघा कुरकुरला, तो तिने कुरकुरू दिला. खुर्ची नेऊन तिने टेबलापासून जरा दूर ठेवली, अर्धं पाऊल मागे.

"ठिपकी, ये. बाबांच्या समोर बस. माझ्याकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघ."

"काय चाललंय, आत्या?" तराजू म्हणाला.

"तूही तिच्याकडे बघ."

ठिपकी येऊन बसली. आत्याने हात मांडीवर ठेवले. खूप वर्षांनी पाठ आपोआप ताठ झाली.

"मी आठ दिवस आकडे मांडतो आहे," ती सपाट, स्वच्छ आवाजात म्हणाली, "कारण मला दुसरं काही मांडता येत नाही. किंमत बसणार नाही हे मला घरूनच ठाऊक होतं. तरी मी इथे आलो. तू लांब जाशील आणि मला कोटाचा भावसुद्धा ठाऊक नाही."

"मी असं काहीही बोललेलो नाही," तराजू म्हणाला.

"हो. तेच मी सांगते आहे."

पेला फिरायचा थांबला. निळा रंग त्याच्या बाहीवरून मनगटावर उतरला होता. ठिपकी बापाकडे बघत होती. आत्याने थोडा वेळ जाऊ दिला. गप्प बसणंही पुरं होऊ द्यावं लागतं, घाईने उचललं तर कच्चं निघतं.

"मला हे जमेल की नाही मलाच ठाऊक नाही," मग ती म्हणाली, ठिपकीच्या वतीने. "जमेल अशी शपथ घेऊन पैसे मागायची मला लाज वाटते. म्हणून मी मघाशी सगळं कबूल केलं. बाबा, मी विमा-गणित घेईन, पासही होईन. तुम्ही मला कधी विचारणार नाही, कशी आहेस, कारण माझ्या तोंडाकडे बघूनच कळेल."

ठिपकीच्या हनुवटीवरचा तीळ हलला. ती रडत नव्हती. नुसतं खाली बघून तिने हो म्हटलं, अगदी बारीक.

आत्याचं काम झालं होतं. या जागेवरून पुढचं तिला कधीच ठाऊक नसे. मालक आणि पाहुणा एकमेकांकडे बघू लागले की तिने डोळे मिटायचे, तेवढीच विश्रांती. तिने डोळे मिटले. पापण्यांच्या आत मध सांडल्यासारखा उजेड होता.

"बँक यावर कर्ज देणार नाही," तराजूचा आवाज आला, लांबून, जिन्याच्या तळाशी कुणी बोलावं तसा.

"तुम्ही बँक आहात का, बाबा?"

मग खुर्ची सरकली.

"आणि नापास झालीस तर?"

"मग मला लिलावात काढा."

"घेईल कोण? तीळ आहे हनुवटीवर. त्याचे पैसे कापतात." आणि मग, आणखी थोड्या वेळाने, वरवर सहज, "केवढ्याला हे, असं म्हणतात कसं त्यांच्या भाषेत?"

"इकुरा," ठिपकी म्हणाली.

"इकुरा," तराजू म्हणाला. त्याने तो शब्द तळहातावर घेऊन वजन बघावं तसा पुन्हा म्हटला. "इकुरा. एवढंच? मग हे तर मला आलंच. उद्या पैसे भरायला गेलो की खिडकीवरच्या माणसाला असंच विचारतो."

"बाबा, नका ना. माझे पुढचे मास्तर असतील तिथे."

"असू देत. त्यांनाही कळू दे पोरगी कुणाची आहे."

आत्याला हे ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. ती त्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात होती, खिडकीबाहेर ते झाड होतं आणि त्याची पानं वरून खाली, उजवीकडून डावीकडे उतरत होती. मग ते झाड नव्हतं, भट्टीचं दार होतं, आणि मौनीबुवा काचेतून हात हलवत होता.

"अगं, आत्या जेवलीच नाही," कुणीतरी कुजबुजलं.

"थांबा, तिला उठवू नका. मी गरम करते."

ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. पाणी शिंपडल्याचा. भात परतताना होतो तो सावकाश, ओला आवाज. पावलं टेबलापाशी आली, ताट ठेवलं गेलं, आणि त्यावर दुसरं ताट हळूच पालथं पडलं. तो आवाज आत्याने कुठेही ओळखला असता. तिने डोळे उघडले नाहीत. तिला वाटलं, आता समोरची खुर्ची ओढली जाईल आणि हे विचारतील, आज कोण कोण होतीस? आणि ती सांगेल, आधी मी एक बाप होते, मग एक मुलगी होते. आणि मग जेवेल.

खुर्ची ओढली गेली. भिंतीवरचा फिकट गुलाबी रंग, जो आहे की नाही कळत नसे, झाकलेल्या ताटाच्या पाठीवर येऊन बसला होता.